लोगोवर अडकलेला संगणक: अभ्यासिकेतल्या लिनक्स मिंटच्या नोंदी

१० जानेवारी, शनिवार

सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या अभ्यासिकेत तीन जुने डेस्कटॉप आहेत, तिन्ही देणगीत आलेले. चौथ्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर जवळजवळ सगळे आठव्या पिढीपासून पुढचे, म्हणजे ही यंत्रं त्यात बसतच नाहीत. पोरं-पोरी यावर एमपीएससीचे, रेल्वेचे, पोलीस भरतीचे फॉर्म भरतात, ऑनलाइन फी भरतात, आधार आणि मार्कशीट अपलोड करतात. सुरक्षेचे अपडेट थांबलेल्या यंत्रावर त्यांना हे करू द्यायचं नाही, एवढ्यासाठी हे काम हातात घेतलं.

पहिल्या यंत्रात नवी २४० जीबीची एसएसडी बसवली, जुनी हार्ड डिस्क तशीच जोडलेली ठेवली आणि विंडोजच्या जागी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टमची २२.२ एक्सएफसीई आवृत्ती टाकायला दिली. इन्स्टॉल शेवटपर्यंत नीट झालं. पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट केलं, मिंटचा लोगो आला आणि यंत्र तिथंच थांबलं.

मी पोचेपर्यंत एका मुलानं सगळं पुसून दुसऱ्यांदा इन्स्टॉल केलं होतं. "दादा, परत लोगोवरच बसलंय बघा," म्हणाला. त्यात त्याची अख्खी संध्याकाळ गेली होती. त्याला विचारलं, पेनड्राइव्हवरून चालू करताना मेनूतला कुठला पर्याय घेतलास? पहिल्या पर्यायावर स्क्रीन काळी होत होती, म्हणून त्यानं दुसरा, कंपॅटिबिलिटी मोडचा घेतला होता. अर्धं उत्तर इथंच होतं. त्या मोडमध्ये ग्राफिक्सचा ड्रायव्हर बाजूला ठेवून यंत्र चालू होतं. इन्स्टॉल झालेली सिस्टम मात्र ती सवलत बरोबर आणत नाही, ती पहिल्यापासून नेहमीच्या पद्धतीनंच सुरू होते. त्यामुळं पुन्हा कितीही वेळा इन्स्टॉल केलं तरी फरक पडणार नव्हता: पेनड्राइव्ह तोच, ग्राफिक्स कार्ड तेच, अडचण तीच.

निघण्याआधी दोन गोष्टी बघून घेतल्या. लोगोवर अडकलेलं असताना कीबोर्डवरचं कॅप्स लॉक दाबलं. दिवा लागत-विझत असेल तर कर्नल, म्हणजे सिस्टमचा गाभा, जिवंत आहे, फक्त पुढं काहीतरी रखडलंय. दिवा हललाच नाही तर कर्नलच गोठलंय. आमचा दिवा हलला नाही. दुसरं, ग्रबच्या (लिनक्स सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या) मेनूतून रॅम तपासणारा मेमटेस्ट लावून यंत्र रात्रभर तसंच सोडलं. जुन्या रॅमवर आधी शंका फेडून घेतलेली बरी, नाहीतर पुढचा प्रत्येक निष्कर्ष डळमळीत राहतो. डाउनलोड केलेल्या फाइलचा चेकसम, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे सांगणारा आकडा, घरी जुळवला, तो बरोबर होता.

११ जानेवारी, रविवार

मेमटेस्टमध्ये एकही चूक नाही. रॅम सुटली.

आज पहिलं काम लोगो घालवण्याचं. तो लोगो म्हणजे एक चित्र आहे आणि त्याच्या मागं कर्नल ओळीमागून ओळ सांगत असतं की आता काय करतोय. यंत्र अडकलं की सगळे चित्राकडं बघत बसतात. त्या ओळी वाचल्याशिवाय केलेली कुठलीही दुरुस्ती हा अंदाज असतो, आणि अंदाजात पोरांच्या संध्याकाळी जातात. म्हणून हे सविस्तर लिहितोय. (कमांडची नावं इथं उच्चाराप्रमाणं देवनागरीत आहेत, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच वापरायची.)

एकच सिस्टम असलेल्या यंत्रात ग्रबचा मेनू आपोआप दिसत नाही. यूईएफआय पद्धतीनं इन्स्टॉल केलं असेल तर चालू करताना एस्केप दाबायचं, जुन्या बायोस पद्धतीत शिफ्ट धरून ठेवायचं. एस्केप घाईघाईनं जास्त वेळा दाबलं गेलं तर मेनूऐवजी नुसता ‘ग्रब’ असा प्रॉम्प्ट येतो. घाबरायचं कारण नाही, तिथं ‘नॉर्मल’ टाइप करून एंटर मारायचं आणि लगेच एकदाच एस्केप. मेनू आला की पहिल्या ओळीवर थांबून ई दाबायचं. ‘लिनक्स’ या शब्दानं सुरू होणारी लांबलचक ओळ सापडते. तिच्या शेवटचे ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे दोन शब्द खोडायचे आणि एफ१० दाबायचं. हा बदल त्या एका वेळेपुरताच असतो, बिघडायची भीती नाही.

ओळी धावायला लागल्या आणि थांबल्या. इथं एक गोष्ट मला अनुभवानं कळलेली आहे: पडद्यावरची शेवटची ओळ ही दोषी असतेच असं नाही. बऱ्याचदा ती नुकत्याच नीट पार पडलेल्या कामाची असते आणि अडकलेलं काम त्याच्या पुढचं असतं, ज्याची ओळ अजून उमटलेलीच नाही. आमच्याकडं शेवटची ओळ यूएसबी माउस सापडल्याची होती. माउस काढून बघायचा मोह होतो, पण अडचणीचा माग त्याच्या थोड्या वरच्या ओळींत होता. त्या ओळी इतक्या वेगानं गेल्या की डोळ्यांना सापडेनात. मोबाइलवर स्लो-मोशनमध्ये पडदा शूट केला आणि व्हिडिओ थांबवत थांबवत वाचलं. ‘नूवो’ हे नाव पुन्हा पुन्हा येत होतं आणि त्याच्यापुढं ‘फेल्ड’.

नूवो हा स्वयंसेवकांनी उभा केलेला मुक्त ड्रायव्हर आहे. या यंत्रात कुणीतरी पूर्वी बसवलेलं वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे आणि ते चालवायची जबाबदारी कर्नल याच ड्रायव्हरवर टाकतं. पुन्हा मेनूत गेलो, खोडलेल्या शब्दांच्या जागी ‘नोमोडसेट’ असा एक शब्द लिहिला, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही. एफ१० दाबलं आणि डेस्कटॉप आला. खोलीतली पोरं पुस्तकं ठेवून जमली होती.

१२ जानेवारी, सोमवार

नोमोडसेटवर काम थांबवायचं नाही. इंटरनेटवर अनेकांचं काम तिथंच थांबतं, आणि मग वर्षभर यंत्र लंगडत चालतं. त्या शब्दानं कर्नल ग्राफिक्सच्या ड्रायव्हरला हातच लावत नाही, सगळं चित्र प्रोसेसरला काढावं लागतं. आमचा मॉनिटर फुल एचडी आहे, पण दिसत होतं १०२४ बाय ७६८, सगळी अक्षरं फुगलेली. एका विषयाचं व्हिडिओ लेक्चर लावलं तर प्रोसेसर पूर्ण भरून गेला आणि आवाज तुटायला लागला. अभ्यासिकेत असं यंत्र काय कामाचं?

कॅबिनेट उघडलं. आमच्या भिंतीपलीकडं पॉवरलूमचा शेड आहे आणि टॉवेलच्या सुताची बारीक कणी वर्षभर खिडकीतून येते. कार्डाच्या छोट्या पंख्यावर तिचा नमद्यासारखा घट्ट थर बसला होता. बोटानं धरून उचलला तर अख्खा एका तुकड्यात निघाला, पात्यांची नक्षी खालच्या बाजूनं उमटलेली. पंखा बोटानं फिरवला तर फिरेना. असं कार्ड ड्रायव्हरला उत्तर देत नसेल तर सगळा दोष ड्रायव्हरवर टाकणं बरोबर नाही.

त्या कार्डाची गरजच काय, हा प्रश्न मात्र कुणी विचारला नव्हता. चौथ्या पिढीच्या या आय-५ मध्ये ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच आहे आणि मदरबोर्डच्या मागं व्हीजीए व एचडीएमआय दोन्ही सॉकेट आहेत. त्यासाठीचा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, वेगळं काही टाकावं लागत नाही. फॉर्म भरणं, पीडीएफ वाचणं, लेक्चर बघणं, एवढ्याला ते पुरून उरतं. कार्ड काढलं, मॉनिटरची वायर मदरबोर्डच्या सॉकेटला लावली, बायोसमध्ये ‘प्रायमरी डिस्प्ले’ कार्डावरून ‘ऑटो’वर आणलं आणि नोमोडसेट न लिहिता चालू केलं. सरळ डेस्कटॉप, पूर्ण फुल एचडी. खर्च शून्य.

हे करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. इंटेलच्या नव्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतं, तिथं कार्ड काढलं तर पडदा काळाच राहील. अशा यंत्रात नोमोडसेटनं आत शिरायचं, ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडायचं आणि तो जो ड्रायव्हर सुचवतो तो टाकून रीस्टार्ट करायचं.

मेनू पुन्हा पुन्हा पकडायला लागू नये म्हणून ‘इटीसी’मधल्या ‘डीफॉल्ट’ फोल्डरातली ‘ग्रब’ नावाची फाइल उघडली. ‘टाइमआउट स्टाइल’च्या ओळीत ‘हिडन’ होतं तिथं ‘मेनू’ केलं, ‘टाइमआउट’ ५ केला, आणि डीफॉल्ट ओळीतले क्वाएट-स्प्लॅश कायमचे काढले. मग ‘सुडो अपडेट-ग्रब’. ही शेवटची कमांड दिली नाही तर फाइलमधला बदल तसाच पडून राहतो, बूटवर काही परिणाम होत नाही.

१४ जानेवारी, बुधवार

सिद्धेश्वरांची यात्रा, म्हणजे गड्डा, सुरू आहे. सगळं गाव तिकडं लोटतं, अभ्यासिका बंद. यंत्राला हात नाही.

१५ जानेवारी, गुरुवार

जुनी हार्ड डिस्क मधूनमधून टिक-टिक आवाज करत होती. ‘डिस्क्स’ हा प्रोग्राम उघडून तिचा स्मार्ट डेटा, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, पाहिला. १९७ क्रमांकाची नोंद, म्हणजे वाचता न येणारे आणि निकालाची वाट बघणारे सेक्टर, शून्य असायला हवी. ती शून्य नव्हती. कामाच्या फाइली पेनड्राइव्हवर घेतल्या आणि डिस्क काढून टाकली.

त्यानंतर चालू केलं आणि यंत्र पुन्हा अडकलं. लोगो आता नसल्यानं निदान दिसत तरी होतं. सुरुवातीला बराच वेळ काही हललं नाही, मग ओळ आली की सस्पेंड-रिझ्यूमच्या डिव्हाइसची वाट बघणं सोडून दिलं. पुढं जाऊन दुसरी ओळ: अमुक यूयूआयडीच्या (पार्टिशनच्या ओळख-क्रमांकाच्या) डिस्कसाठी स्टार्ट जॉब चालू आहे, आणि शेजारी सेकंद मोजणारं घड्याळ, १ मिनिट ३० सेकंदांपर्यंत. ते पूर्ण झालं आणि डेस्कटॉप आला. म्हणजे यंत्र गोठलं नव्हतं, ते कुणाचीतरी वाट बघत होतं. लोगो असता तर दोन मिनिटं नुसतं चित्र दिसलं असतं, आणि दोन मिनिटं इथं कुणी थांबत नाही, पॉवरचं बटन दाबून धरतात.

वाट कुणाची? त्या जुन्या हार्ड डिस्कवर आधीच्या कुठल्यातरी लिनक्सचं स्वॅप पार्टिशन, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायचा डिस्कचा तुकडा, होतं. मिंटचा इन्स्टॉलर जोडलेल्या सगळ्या डिस्क बघतो आणि कुठंही स्वॅप सापडलं की तेही वापरात घेतो, विचारत नाही. त्याचा यूयूआयडी दोन ठिकाणी लिहून ठेवला होता. डिस्क गेली, नोंदी राहिल्या. सिस्टमडी, म्हणजे चालू होताना सगळी कामं लावून देणारा प्रोग्राम, कुठल्याही डिव्हाइससाठी मुळात ९० सेकंद थांबतं, ते त्यानं इमानेइतबारे पाळलं.

दुरुस्ती अशी. आधी ‘बीएलकेआयडी’ कमांडनं खरोखर हजर असलेल्या पार्टिशनांचे यूयूआयडी काढले. मग ‘इटीसी’मधली ‘एफएसटॅब’ फाइल उघडली आणि जी स्वॅपची ओळ या यादीत नव्हती तिच्यापुढं हॅशचं चिन्ह टाकलं. ओळ पुसू नका, हॅश पुरतो, चुकीची निघाली तर परत आणता येते. रूटची, म्हणजे नुसत्या तिरक्या रेघेची ओळ मात्र हलवायची नाही. दुसरी जागा बहुतेकांना माहीत नसते: ‘इटीसी’मध्ये ‘इनिट्रामएफएस-टूल्स’, त्यात ‘कॉन्फ डॉट डी’, त्यात ‘रिझ्यूम’ नावाची एका ओळीची फाइल. तिथं जुना यूयूआयडी होता, त्याच्या जागी ‘नन’ लिहिलं. शेवटी ‘सुडो अपडेट-इनिट्रामएफएस -यू’. नुसती एफएसटॅब सुधारली तर ९० सेकंदांचं थांबणं जातं आणि सुरुवातीचं राहतं. दोन्ही जागा कराव्या लागतात.

कुठल्या कामाला किती वेळ लागला ते ‘सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम’ सांगतं. दुरुस्तीनंतर त्यात सेकंदांच्या आतबाहेरचेच आकडे उरले.

१७ जानेवारी, शनिवार

मधल्या काळात कुणीतरी पॉवरचं बटन दाबून धरलं असावं. सकाळी पडद्यावर ‘इनिट्रामएफएस’चा प्रॉम्प्ट आणि वर संदेश: फाइल सिस्टममध्ये विसंगती आहे, एफएससीके (फाइल सिस्टम तपासून दुरुस्त करणारी कमांड) हातानं चालवा. हे दिसलं की अभ्यासिकेच्या काकांना वाटलं नवी एसएसडी गेली. "अहो काका, डिस्कला काही झालेलं नाही, हिशोब अर्धवट राहिलाय," एवढं सांगून संदेशातच दिलेल्या पार्टिशनच्या नावानं ‘एफएससीके -वाय’ दिलं. झाल्यावर ‘एक्झिट’. यंत्र सुरू झालं.

त्यावरून भिंतीवर एक कागद लावला. यंत्र अडकलं तर आधी दोन मिनिटं थांबा. तरी हललं नाही तर आल्ट आणि प्रिंट-स्क्रीनची सिसआरक्यू कळ धरून ठेवून एस, मग यू, मग बी, प्रत्येकाच्या मध्ये दोन-तीन सेकंद. एसनं न लिहिलेला मजकूर डिस्कवर जातो, यूनं डिस्क फक्त-वाचनावर येते, बीनं रीस्टार्ट होतं. उबंटू आणि त्यावर आधारलेल्या मिंटमध्ये या कळांची परवानगी १७६ या आकड्यानं दिलेली असते, आणि १७६ म्हणजे नेमके हेच तीन: १६, ३२ आणि १२८. कर्नल पूर्ण गोठलं असेल तर हेही चालणार नाही, पण ती वेळ क्वचित येते.

दुपारी खरी डोकेदुखी सुरू झाली. चालू होताना कधी पटकन, कधी अर्धा मिनिट मध्येच थांबून. नेमानं होणारा बिघाड सापडतो, असा लहरी बिघाड दिवस खातो. ‘जर्नलसीटीएल’ला ‘-बी -१’ जोडून मागच्या बूटची नोंद काढली आणि त्यात ‘एटीए’, म्हणजे डिस्कच्या जोडणीच्या ओळी, शोधल्या. सापडल्या: लिहिण्याची कमांड फसली, हार्ड रिसेटिंग लिंक, आणि लिंकचा वेग ६ गिगाबिटवरून ३ वर उतरवला. कर्नल डिस्कच्या एका कमांडची ३० सेकंद वाट बघतं, ते अर्धं मिनिट हेच. स्मार्ट डेटात १९९ क्रमांकाचा आकडा, सीआरसी एररचा, म्हणजे वायरीतून जाताना बिघडलेल्या डेटाचा, वाढत होता. सेक्टर खराब होण्याचे आकडे शून्यावर होते. असं असेल तर एसएसडीवर संशय घेण्याआधी वायर बघायची. एसएसडी मदरबोर्डला जोडणारी साटाची वायर काढली तर तिच्या टोकाची धातूची चिमटी तुटलेली, त्यामुळं ती सॉकेटमध्ये बसल्यासारखी वाटायची पण धरून राहत नव्हती. गड्ड्याच्या गर्दीतून नवी पेठेत जाऊन नवी वायर आणली, १२० रुपये. येण्याजाण्यात आणि पार्किंग शोधण्यातच दुपार गेली.

वायर बदलल्यावर १९९ चा आकडा शून्यावर येत नाही, तो जन्मभराचा असतो. वाढायचा थांबला का, एवढंच बघायचं. कागदावर तारखेसकट लिहून ठेवला.

२५ जानेवारी, रविवार

१९९ चा आकडा आठवडाभरात हलला नाही. लिंक ६ गिगाबिटवर.

एक बारीक गोष्ट राहिली होती. रात्री मेन स्विच बंद करून गेलं की सकाळी यंत्राचं घड्याळ मागं जायचं, आणि नेट लागेपर्यंत ब्राउझर सर्टिफिकेटवरून कुरकुर करायचा. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला. सेल गेला की बायोसच्या सेटिंग्जही पुसल्या जातात, बूटचा क्रम आणि प्रायमरी डिस्प्ले पुन्हा मूळ जागी जातात, आणि नीट केलेलं यंत्र परत अडतं. ४० रुपयांचा सेल घातला, सेटिंग्ज पुन्हा लावल्या, रात्रभर मेन बंद ठेवून तपासलं. घड्याळ जागेवर होतं.

दुसरं यंत्र आज घेतलं. यात इन्स्टॉल सुरू करण्याआधीच जुनी हार्ड डिस्क सोडवून ठेवली, म्हणजे इन्स्टॉलरला तिचं स्वॅप दिसणारच नाही. ग्राफिक्स कार्ड काढलं, सेल बदलला, साटाच्या वायरीची दोन्ही टोकं ओढून बघितली. मग पेनड्राइव्हवरून मेनूतला पहिलाच पर्याय घेतला, कंपॅटिबिलिटी मोड नाही, कारण जे पेनड्राइव्हवर नेहमीच्या पद्धतीनं चालतं तेच नंतर डिस्कवरून चालण्याची खात्री देतं. इन्स्टॉल झालं, रीस्टार्ट झालं, लॉगिन आलं. पहिल्या यंत्रात दुसऱ्यांदा इन्स्टॉल करणाऱ्या त्याच मुलानं क्वाएट-स्प्लॅश काढण्याचं काम स्वतः केलं आणि ‘अपडेट-ग्रब’ विसरला नाही.

तिसऱ्या यंत्रात कार्ड नाही, पण चालू करताना तीन लांब बीप देतं आणि पडदा काळाच राहतो. लोगोपर्यंतही ते पोचत नाही, म्हणजे लिनक्सचा संबंधच नाही. रॅमच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी टोक खोडरबरानं पुसायला घेतलेत.